पंचाहत्तर टक्के म्हणजे कशाचे?

गेले दोन विकांत इकडे काही लिहिलं नाही, कारण सांगलीला मावशीकडे होतो. काम साधं होतं, निदान जाताना तसं वाटलं होतं. "एका कागदावर तुझी सही हवीये, येऊन जा," एवढंच ती फोनवर म्हणाली होती.

पोचलो, पोहे झाले, चहा झाला. मग मावशीनं कपाटातून एक जुनी फाईल काढली आणि म्हणाली, "दादाचा कायदेशीर पालक म्हणून तुझं नाव घालायचंय. मी अजून किती वर्षं पुरणार?"

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, वय अडतीस. रोज सकाळी सहा वाजता दुधाची पिशवी आणतो, कपडे स्वतःचे स्वतः घालतो, फक्त शर्टाची कॉलर कुणीतरी नीट करावी लागते. जुनी गाणी ऐकतो. घरी आलेल्या प्रत्येकाला पाणी आणून देतो. पाचशेची नोट दिली तर किती परत यायला हवेत हे त्याला कळत नाही. "अर्ध्या तासात येतो" म्हणजे किती वेळ हे कळत नाही, त्यामुळे तो दारातच उभा राहतो.

फाईलमध्ये सर्वात वर त्याचं २००४ सालचं सर्टिफिकेट होतं. त्यावर लिहिलेलं: बुद्ध्यांक ४५, मध्यम स्वरूपाचं मतिमंदत्व, अपंगत्व ७५ टक्के.

आता आम्ही पडलो इंजिनिअर. कुठलाही आकडा दिसला की एकक विचारायची खोड. पंचाहत्तर टक्के, पण कशाचे? माणूस पंचवीस टक्केच शिल्लक आहे असा अर्थ घ्यायचा का? मावशीला विचारलं, तर ती म्हणाली, "मला काय माहीत रे, बसच्या सवलतीला लागतं."

उत्तर सापडायला वेळ लागला नाही. २००१ साली केंद्र सरकारनं मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात एक तक्ता होता. बुद्ध्यांक ५० ते ६९ असेल तर अपंगत्व ५० टक्के, ३५ ते ४९ असेल तर ७५ टक्के, २० ते ३४ ला ९० टक्के आणि २० च्या खाली १०० टक्के. बस. एका आकड्यावरून दुसरा आकडा, आमच्या कोडमध्ये असतो तसा लुकअप टेबल. दादाला काय येतं आणि काय येत नाही, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

मग प्रश्न मागे सरकला. तो पहिला आकडा, ४५, कुठून आला? बुद्धी मोजायची ही पद्धत काढली कुणी आणि कशासाठी? त्याचा माग काढत दोन विकांत गेले. जे सापडलं ते इथे लिहून ठेवतोय. थोडं लांबलंय, चहा घेऊन बसा.

पॅरिसमधली पहिली आवृत्ती

फ्रान्समध्ये १८८० च्या दशकात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. सगळी पोरं शाळेत आली आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की काहींना इतरांच्या वेगानं शिकता येत नाही. त्याआधी अशी मुलं शेतात, घरात, गुरांमागे असत आणि त्यांचं मोजमाप कुणी करत नसे. शाळा आली आणि 'मागे पडणारा' ही गोष्ट जन्माला आली. एकाच वेगानं चालणारी रांग असेल तरच कुणी मागे पडतो, हे जरा लक्षात ठेवा.

१९०४ साली फ्रेंच सरकारनं अशा मुलांचा विचार करायला एक आयोग नेमला. त्यात आल्फ्रेड बिने नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि तिओडोर सिमाँ या तरुण डॉक्टरनं १९०५ साली ३० छोट्या कृतींची एक चाचणी तयार केली. जळत्या काडीकडे नजर वळते का, इथपासून सुरुवात. पुढे शरीराचे अवयव दाखवणं, ऐकलेले आकडे परत म्हणणं, दोन वस्तूंमधला फरक सांगणं असं चढत जायचं. १९०८ च्या आवृत्तीत त्यांनी कृती वयानुसार लावल्या आणि त्यातून 'मानसिक वय' ही कल्पना आली.

हेतू सरळ होता. शिक्षकाच्या मर्जीवर नको, चाचणीवरून ठरवा की कुणाला वेगळी मदत द्यायची. बिनेसाहेबांनी बजावूनही ठेवलं होतं की बुद्धी ही जन्माला येताना मिळालेली न बदलणारी रक्कम नाही, आणि तसं मानणं हा क्रूर निराशावाद आहे. मागे पडलेल्या मुलांचं लक्ष, स्मरण, एका जागी बसणं हे सरावानं वाढवण्यासाठी त्यांनी व्यायामही सुचवले होते. म्हणजे त्यांच्या लेखी चाचणी ही नुसती सुरुवात होती.

१९११ साली बिने गेले. पुढच्याच वर्षी विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञानं मानसिक वयाला खऱ्या वयानं भागायचं सुचवलं. १९१६ मध्ये अमेरिकेत लुइस टर्मनच्या चाचणीत त्याला १०० नं गुणलं गेलं आणि आपला सगळ्यांचा ओळखीचा आयक्यू तयार झाला. तीस कृतींमधली सगळी माहिती जाऊन हातात उरला एक आकडा. डेटा कॉम्प्रेस करताना काय फेकलं गेलं ते नंतर कुणी विचारत नाही, हा आमच्या धंद्यातला नेहमीचा अनुभव!

व्हाइनलँड, न्यू जर्सी

मी २०२३ मध्ये सहा महिने ऑनसाईट होतो, एडिसनला. देशी दुकानं, पोळी-भाजीचे डबे, शनिवारी नायगारा नाहीतर न्यू यॉर्क. तिथून दक्षिणेला दीड-पावणेदोन तासांवर व्हाइनलँड नावाचं गाव आहे. तिकडे जायचं मला कधी सुचलं नाही, सुचण्याचं कारणही नव्हतं. आता कळतंय की दादाच्या सर्टिफिकेटचा अर्धा इतिहास तिथे घडलाय.

तिथे मंदबुद्धी मुलामुलींसाठी एक निवासी शाळा होती. १९०६ पासून हेन्री गॉडार्ड तिथे संशोधन प्रमुख होते. १९०८ मध्ये ते युरोपला गेले, बिनेची चाचणी घेऊन आले आणि तिचं भाषांतर केलं. चाचणी आणली, पण बिनेचा इशारा युरोपातच राहिला. गॉडार्ड यांच्या मते बुद्धी ही आनुवंशिक आणि कायमची. डोळ्यांच्या रंगासारखी.

त्या काळी 'इडियट' आणि 'इम्बेसाइल' या वैद्यकीय संज्ञा होत्या. मानसिक वय दोनपर्यंत असेल तर इडियट, तीन ते सात असेल तर इम्बेसाइल. गॉडार्ड यांना आठ ते बारा या गटासाठी शब्द हवा होता, म्हणून १९१० साली त्यांनी ग्रीक भाषेतून एक नवा घडवला: 'मोरॉन'. कोड रिव्ह्यूमध्ये वैतागून आपण जो शब्द तोंडातल्या तोंडात पुटपुटतो तो. तो शिवी म्हणून जन्मलाच नव्हता, ते निदान होतं. ('इडियट' तर आपण सिनेमाच्या नावात घालून मिरवला.) अगदी आपल्याकडच्या १९१२ च्या ल्युनसी कायद्यातही वेड्याची व्याख्या 'इडियट किंवा अस्थिर मनाची व्यक्ती' अशी होती. म्हणजे मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता हे एकाच पोत्यात. आजारावर उपचार असतात, तो येतो, जातो, कोणत्याही वयात होतो. बौद्धिक अक्षमता लहानपणापासून असते आणि तिला आयुष्यभर आधार लागतो. हा फरक कायद्यात स्पष्ट लिहायला आपल्याकडे १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा उजाडावा लागला.

गॉडार्ड यांना मोरॉन लोकांचीच सर्वात जास्त भीती वाटायची. कारण ते दिसायला तुमच्या-माझ्यासारखे, चारचौघांत मिसळणारे, लग्न करणारे. १९१३ मध्ये त्यांनी आपल्या सहकारी महिलांना न्यू यॉर्कच्या एलिस बेटावर पाठवलं. जहाजाच्या स्वस्त वर्गातून लांबचा प्रवास करून उतरलेले, भेदरलेले, इंग्रजी न येणारे लोक. त्यांतून काहींना निवडून दुभाष्यामार्फत चाचणी घेतली. निष्कर्ष? त्यातले साधारण ८० टक्के मंदबुद्धी! आमच्या टेस्टिंग टीमनं असा रिझल्ट आणला असता, तर मॅनेजरनं आधी टेस्ट केस तपासायला लावली असती. इथे माणसं संशयित ठरली.

त्याहून मोठी गंमत पुढे झाली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यानं सुमारे साडेसतरा लाख लोकांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या. गोऱ्या रंगरूटांचं सरासरी मानसिक वय निघालं तेराच्या आसपास. मोरॉनची हद्द बारापर्यंत! म्हणजे जवळजवळ अर्धा गोरा अमेरिका मोरॉन ठरत होता. तुमच्या अलार्मनं अर्ध्या सर्व्हरवर लाल दिवा लावला, तर बिघाड सर्व्हरमध्ये असतो की अलार्ममध्ये?

एमा आणि कॅरी

पण तोपर्यंत त्या आकड्यावर निकाल लागायला लागले होते.

एमा वॉल्व्हर्टन नावाची मुलगी १८९७ साली, आठ वर्षांची असताना, व्हाइनलँडला आली. ती सुतारकाम करायची, सुंदर शिवणकाम करायची, बँडमध्ये कॉर्नेट वाजवायची. चाचणीनं तिला मोरॉन ठरवलं. गॉडार्ड यांनी १९१२ मध्ये तिच्या घराण्यावर पुस्तक लिहिलं, तिला आणि घराण्याला टोपणनाव दिलं 'कॅलिकॅक'. ग्रीकमधल्या 'चांगला' आणि 'वाईट' या दोन शब्दांची जोडणी. गोष्ट अशी की एका सैनिकाचे दोन वंश: दारूच्या गुत्त्यातल्या मुलीपासून झालेला सगळा बिघडलेला, घरंदाज बायकोपासून झालेला सगळा सज्जन. पुस्तक तुफान गाजलं. पुढे वंशावळी तपासणाऱ्यांनी कागद काढले, तर ज्या पूर्वजाला अनौरस ठरवलं होतं तो लग्नाच्या नवरा-बायकोचा मुलगा निघाला, आणि 'बिघडलेल्या' वंशात शेतकरी, शिक्षक, जमीनदार निघाले. पण एमाला काय त्याचं? ती १९७८ साली वारली तेव्हा ८९ वर्षांची होती. त्यातली ८१ वर्षं संस्थेत.

दुसरी कॅरी बक, व्हर्जिनियाची. जिथे तिला सांभाळायला ठेवलं होतं त्या घरातल्या एका नातेवाईकानं तिच्यावर बलात्कार केला, ती गरोदर राहिली, आणि घरच्यांनी तिलाच मंदबुद्धी ठरवून १९२४ मध्ये संस्थेत पाठवलं. त्याच वर्षी व्हर्जिनियानं अशा लोकांची सक्तीनं नसबंदी करण्याचा कायदा केला होता. त्याची चाचणी-केस म्हणून कॅरीला निवडलं. आई मंदबुद्धी, कॅरी मंदबुद्धी, हे झालं. तिसऱ्या पिढीचं काय? एका समाजसेविकेनं कॅरीच्या सात-आठ महिन्यांच्या बाळाकडे पाहून सांगितलं की हे काही अगदी नॉर्मल दिसत नाही. एवढ्यावर २ मे १९२७ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं आठ विरुद्ध एक मतांनी नसबंदी वैध ठरवली. तीन पिढ्या पुरे झाल्या, अशा अर्थाचं वाक्य न्यायमूर्ती होम्स यांनी निकालात लिहिलं.

ते बाळ म्हणजे व्हिव्हियन. ती शाळेत गेली, १९३१ मध्ये हुशार मुलांच्या यादीत तिचं नाव लागलं, आणि पुढच्या वर्षी आठव्या वर्षी आजारानं गेली. कॅरी १९८३ पर्यंत जगली. म्हातारपणी वर्तमानपत्र वाचायची, शब्दकोडी सोडवायची.

अमेरिकेत अशा साठ हजारांवर नसबंद्या झाल्या. जर्मनीनं १९३३ मध्ये असाच कायदा केला, त्यातल्या रोगांच्या यादीत पहिलं नाव होतं जन्मजात मंदबुद्धीचं. त्याच वर्षी कॅलिकॅकचं पुस्तक जर्मनमध्ये पुन्हा छापलं गेलं. तिथे पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको.

एक मात्र नोंदवायला हवं. १९२८ मध्ये गॉडार्ड यांनी स्वतःच जाहीर केलं की आपलं चुकलं होतं: मोरॉन म्हटलेल्या बहुतेकांना शिकवता येतं आणि त्यांना डांबून ठेवायची गरज नाही. पण तोवर कोड प्रॉडक्शनमध्ये गेलेलं होतं.

मराठीत उतरलेला आकडा

हे सगळं लांबचं वाटत असेल तर थांबा. बिनेची चाचणी १९३४ मध्ये मराठीत आली. त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. कामतांचं काम मोलाचंच, कारण परदेशी मुलांचे प्रश्न आपल्या मुलांना विचारण्यापेक्षा हे कितीतरी न्याय्य. बिने-कामत चाचणी आजही आपल्याकडच्या दवाखान्यांत वापरली जाते. दादाची चाचणीही तीच. फाईलमध्ये नाव होतं.

आता हिशोब करून बघा. मोठ्या माणसाचं वय वाढतच जातं, पण मानसिक वय काही त्या गतीनं वाढत नाही, म्हणून टर्मननं मोठ्यांसाठी भागाकारात १६ हेच वय धरलं. १६ चे ४५ टक्के म्हणजे ७.२. लहानपणापासून आमच्या घरात म्हणतात, "त्याला सात वर्षांच्या मुलाची बुद्धी आहे." हे वाक्य कुठून आलं ते मला या हिशोबात सापडलं.

आणि ते वाक्य चूक आहे. सात वर्षांच्या मुलाला दाढी नसते. सात वर्षांचं पोरगं वडिलांच्या आजारपणात रात्रभर पायाशी बसून राहत नाही, आणि काका गेल्यावर चार वर्षं न चुकता त्यांच्या चपला पुसून ठेवत नाही. दादाला पाढे सात वर्षांच्या मुलाइतके येत असतील. पण तो अडतीस वर्षांचा पुरुष आहे, त्याला अडतीस वर्षांचा अनुभव आहे. आम्ही मात्र त्याला लहान मूल समजून त्याच्यासमोरच त्याच्याबद्दल बोलतो, जणू तो खोलीत नाहीच.

'आम्ही' म्हटलं, पण माझंच सांगतो. कॉलेजात असताना मित्र सांगली-औदुंबर ट्रिपला आले होते आणि मावशीकडे जेवायला थांबले. दादा पाण्याचे पेले घेऊन बाहेर यायला निघाला, तेव्हा मी त्याला म्हटलं, "तू आत बस, मी देतो." तो आत जाऊन बसला. मित्र गेल्यावरही बराच वेळ आतच होता. त्या ग्रुपवर आम्ही एकमेकांना सर्रास 'मतिमंद' म्हणायचो.

कॅरीसारखं आपल्याकडे काही झालं नाही असंही समजू नका. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या काही मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यातल्या सरकारी रुग्णालयात काढण्यात आली. कारण सांगितलं गेलं की पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना जमत नाही. म्हणजे मुलींना शिकवणं आणि मदतीला माणसं नेमणं अवघड, म्हणून अवयवच काढायचा. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर प्रकार थांबला. मी ज्या पुण्यात रोज हापिसला जातो त्याच पुण्यातली ही गोष्ट, आणि मला ती या महिन्यापर्यंत माहीत नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आता स्पष्ट लिहिलंय की संमतीशिवाय कुठल्याही दिव्यांग व्यक्तीवर वंध्यत्व आणणारी प्रक्रिया करता येणार नाही. ते कलम का आलं असेल ते कळतं.

त्याच इमारतीतून दुसरा रस्ता

आता मला सर्वात आवडलेला भाग. गॉडार्ड गेल्यावर काही वर्षांनी त्याच व्हाइनलँडच्या शाळेत एडगर डॉल संशोधन प्रमुख झाले. त्यांना दिसत होतं की सारखाच बुद्ध्यांक असलेली दोन माणसं अगदी वेगळी जगतात. एक कामाला जातो, दुसऱ्याला घराबाहेर पडता येत नाही. मग त्यांनी १९३५ मध्ये वेगळीच मोजपट्टी काढली, व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल. यात त्या व्यक्तीला कोडी घालायची नाहीत. तिला रोज पाहणाऱ्या माणसाला विचारायचं: स्वतः जेवतो का? बटणं लावतो का? गल्लीत एकटा जातो का? छोटी खरेदी करतो का? 'काय करू शकेल' हे नाही, 'रोज काय करतो' हे.

ही मोजपट्टी आपल्याकडे आली नागपूरमार्गे. ए. जे. मालिन यांनी तिथे तिची ८९ प्रश्नांची भारतीय आवृत्ती केली.

तिकडे अमेरिकेत व्याख्याही बदलत होती. १९५९ मध्ये तिथल्या व्यावसायिक संघटनेनं व्याख्येत रोजच्या जगण्यातली कौशल्यं घातली, पण बुद्ध्यांकाची हद्द ८५ पर्यंत नेऊन ठेवली. घंटेच्या आकाराच्या आलेखावर ८५ च्या खाली सुमारे १६ टक्के लोक येतात. १९७३ मध्ये हद्द ७० वर आणली, तिथे येतात सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. काल ज्यांना मतिमंद म्हणता आलं असतं अशी लाखो माणसं एका रात्रीत 'नॉर्मल' झाली, कुणाच्याही डोक्यात काहीही न बदलता. कॉन्फिग फाईलमध्ये एक आकडा बदलला, इतकंच!

२०१३ पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत तीव्रता बुद्ध्यांकावरून ठरवत नाहीत, रोजच्या जगण्यात किती आधार लागतो त्यावरून ठरवतात. आपल्या २०१६ च्या कायद्यातही बौद्धिक अक्षमतेच्या व्याख्येला दोन पाय आहेत: विचार करणं-शिकणं-प्रश्न सोडवणं हा एक, आणि रोजच्या सामाजिक व व्यवहारी कौशल्यांचा दुसरा. २०१८ च्या सूचनांमध्ये टक्क्यांचं गणितही व्हाइनलँडच्या गुणांवर नेलं. बुद्ध्यांक गेला नाही, पण एकटा राहिला नाही.

आमच्या स्वयंपाकघरात

दुसऱ्या शनिवारी मी मावशीला असेच काही प्रश्न विचारले. (ही काही अधिकृत चाचणी नव्हे, ती तज्ज्ञांनीच घ्यायची. मला फक्त बघायचं होतं.)

"दादा चहा करतो?"

"नाही बाई, गॅसजवळ नको."

"कधी करून पाहिलाय का त्यानं?"

"आम्ही कधी जाऊच दिलं नाही."

"एकटा खरेदी करतो?"

"दूध आणायचा. आता नाही जमत त्याला."

आता का नाही? तर गेल्या वर्षी दूधवाल्यानं दुकान चार गल्ल्या पलीकडे हलवलं. त्या सकाळी दादा नेहमीसारखा गेला आणि बंद शटरसमोर दोन तास उभा राहिला. शेजारच्या काकूंनी हाताला धरून घरी आणलं. नव्या दुकानात लोक मोबाईलवर स्कॅन करून पैसे देतात, दुकानदार सुट्टे ठेवत नाही. तेव्हापासून मावशी गुडघेदुखी घेऊन स्वतः दूध आणते, आणि दादा सहा वाजता उठून पिशवी हातात धरून दारात उभा राहतो.

वीस वर्षं दूध आणणाऱ्या माणसाची क्षमता एका रात्रीत गेली म्हणायचं? त्याच्या डोक्यात काही बदललं नव्हतं. दुकान हललं होतं, पैसे देण्याची पद्धत बदलली होती. ७५ टक्के, ते कशाचे, याचं माझ्यापुरतं उत्तर इथे मिळालं. तो टक्का एकट्या दादाचा नाही. दादा आणि त्याच्याभोवतीचं जग यांच्यामधल्या अंतराचा आहे, आणि ते अंतर दोन्ही बाजूंनी कमी-जास्त होतं.

मग रविवारी आणि सोमवारी (सुट्टी टाकली!) सकाळी सहाला मी आणि दादा नव्या दुकानापर्यंत चालत गेलो. वळणं त्याच्याकडूनच ठरवून घेतली: मारुतीचं देऊळ, निळं गेट, दूध. दुकानदाराशी बोललो, मी महिन्याचे पैसे आधीच भरतो, दादानं फक्त पिशवी घ्यायची. तो लगेच हो म्हणाला. वर्षभर कुणी विचारलंच नव्हतं. मंगळवारी पुण्याला निघताना दादा पुढे आणि मी वीस पावलं मागे. निळ्या गेटपाशी तो थांबला, इकडेतिकडे पाहिलं, आणि बरोबर वळला.

राहता राहिला पालकत्वाचा कागद. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो: मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. आम्ही वीस वर्षं उशीर केला, तुम्ही करू नका. आणि २०१६ चा कायदा सांगतो की मर्यादित पालकानं निर्णय त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून घ्यायचा, परस्पर नाही.

म्हणून सही करण्याआधी दादाला विचारलं. सोपं करून सांगितलं की मावशी थकली की बँकेचं, दवाखान्याचं मी बघायचं, चालेल का तुला? त्यानं बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "तू पुण्याला राहतोस. मग दूध कोण आणणार?"

"तूच," म्हटलं.

"मग चालेल."

सही केली. तो पुण्याला येऊन राहणार की मी सांगलीला, की तिसरंच काही, याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही, आणि खोटा धीर मावशीलाही दिला नाही. सध्या एवढंच ठरलंय की दर दुसऱ्या शनिवारी सांगली. पुढचा धडा चहाचा आहे. गॅसजवळ मावशी उभी राहणार आहे, पण हात बांधून. तसं तिनं कबूल केलंय.

असो. तूर्तास इतकंच.